बाबांचं प्रेशर वीस

बुधवार, १० जानेवारी

राणीबाईंना,

सात महिन्यांनी ताईचं पत्र आलं म्हणून हुरळून जाऊ नकोस. हे पत्र मला लिहायला लावलंय त्या पाहणीवाल्या मुलीने. परवा ती केंद्रात आली, माझ्या टेबलावर फॉर्मांचा गठ्ठा ठेवला आणि म्हणाली, "हॉस्पिटलमधल्या त्या मॅडम तुमच्या बहीण ना? मग तुम्हा दोघींचं काय, घरच्या घरी होऊन जाईल." मी म्हटलं, हो, होऊन जाईल की. आपण एकमेकींचं तोंड बघत नाही हे तिला कशाला सांगू?

काम असं आहे. साठ फॉर्म. वरच्या अर्ध्यात आमच्या केंद्राबद्दल विचारायचं: किती वेळ थांबावं लागलं, नीट समजावून सांगितलं का, बोलणं कसं होतं, पुन्हा याल का. खालच्या अर्ध्यात हेच सगळं तुमच्या हॉस्पिटलबद्दल. उत्तरं चार: फार समाधानी, समाधानी, ठीक, असमाधानी. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून लोक माझ्याकडे तपासायला परत येतात, तेव्हा मी भरून घ्यायचे. गुरुवारी पेशंटची गाडी तुमच्याकडे निघते तेव्हा चिठ्ठ्यांच्या पिशवीत टाकून द्यायचे, आणि मोजायचे तू. हे पत्रही त्याच पिशवीतून येतंय. ड्रायव्हरसाहेबांना सांगितलंय, हातात द्या, टेबलावर टाकू नका.

बाबा बरे आहेत. रविवारी फोनवर तू त्यांना पुन्हा म्हणालीस म्हणे, एकदा इकडे येऊन डोळे दाखवून जा. काही गरज नाही. आजी काचबिंदूने आंधळी झाली हे मला माहीत आहे. मी तुझ्याहून सहा वर्षांनी मोठी आहे, तिचा हात धरून तिला मोरीपर्यंत न्यायची ती मीच. म्हणून तर बाबांच्या डोळ्यांचं प्रेशर मी दर तीन महिन्यांनी बघते. डाव्याचं वीस, उजव्याचं अठरा. एकवीसपर्यंत चालतं. कार्डावर लिहिलेलं आहे, कुणीही येऊन बघावं.

ताई

बुधवार, ३१ जानेवारी

राणी,

बावीस फॉर्म सोबत आहेत. तुझी दोन ओळींची चिठ्ठी मिळाली. "ताई, बरं वाटलं, तुझं अक्षर बघून." अक्षर तेच आहे. शाळेत तुझी चित्रकलेची वही सोडून बाकी सगळ्या वह्या त्याच अक्षरात असायच्या.

तुला वाटत असेल, त्या दिवशी तुझ्या सत्काराला मी जे बोलले त्याचा मला पश्चात्ताप होत असेल. चहाच्या टेबलापाशी मी म्हणाले होते, "मोतीबिंदू आम्ही शोधायचे आणि फुलं हिने घ्यायची." जरा मोठ्याने म्हणाले, एवढीच चूक. शब्द एकही खोटा नव्हता.

आज हिशोबच मांडते. भाजीवाल्या आजी आठवतात? हिरव्या आणि पिवळ्या मिरचीतला फरक कळेना म्हणून गिऱ्हाइकं हसायची. त्यांच्या गाळ्यावर जाऊन मी चार वेळा त्यांना समजावलं. सुनेला समजावलं, मुलाला समजावलं. शेवटी हाताला धरून गाडीत बसवलं. आणि ऑपरेशन करून आल्या तेव्हा दारातूनच काय म्हणाल्या? "हसऱ्या बाईंनी डोळे दिले हो मला!" हसऱ्या बाई म्हणजे तू. तुझं नाव कुणालाच ठाऊक नाही आणि तू सगळ्यांना ठाऊक आहेस. मी चष्मेवाल्या बाई. मी चष्मे विकतसुद्धा नाही!

हे असं का होतं ते मी बसून शोधून काढलंय. सकाळी पट्टी तू काढतेस. उघडलेल्या डोळ्यांना पहिला चेहरा दिसतो तो तुझा. माझ्याकडे येतात तेव्हा त्यांना चेहराच दिसत नसतो, मी त्यांच्यासाठी नुसता आवाज. तोही "वर बघा, खाली बघा, हनुवटी टेकवा" असं म्हणणारा. कोण प्रेमात पडेल अशा आवाजाच्या?

घरीही तेच. बाबा राहतात माझ्याकडे आणि गोष्टी सांगतात तुझ्या. तुझा फोन रविवारी दहाला येतो, ते साडेनऊपासून फोन मांडीवर घेऊन बसतात. आंघोळसुद्धा उरकलेली असते. इतर दिवशी मला तीनदा पाणी गरम करावं लागतं. तुला राणी म्हणतात. मला ताई. सख्ख्या बापाची मी ताई!

एकच वेळ माझी असते. दर तीन महिन्यांनी ते केंद्रात येतात, नंबराचा बिल्ला घेऊन सगळ्यांसारखे बाकावर बसतात, आणि शेजारच्याला सांगतात, "आत माझी मुलगी आहे." ते मला आतून ऐकू येतं. मग ते मशीनसमोर बसतात, मशीन डोळ्यावर हवेची फुंकर मारतं, ते दचकतात आणि दर वेळी म्हणतात, "अगं, सांगत जा गं आधी!" मी सांगितलेलं असतं.

त्यांना तिकडे पाठव असं तू याही चिठ्ठीत लिहिलं आहेस. वीस म्हणजे वीस. माझ्यावर विश्वास नसेल तर तसं सरळ लिही.

ताई

बुधवार, १४ फेब्रुवारी

राणी,

तू विचारलंस की आमच्याकडच्या फॉर्ममध्ये हॉस्पिटलला एवढं कमी कसं, बाकीच्या दहा केंद्रांकडून तर सगळीकडे "फार समाधानी" आलंय. आणि तुझी नोकरी कायम करायची की नाही हे ठरवताना ही पाहणी बघणार आहेत, हेही तू लिहिलंस. हे मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं.

ऐक मग. पेशंट आले की मी आधी बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घालते. त्यानंतर तीन-चार तास त्यांना जवळचं काही वाचता येत नाही. फॉर्म त्यांच्या हातात द्यायचा कसा? म्हणून प्रश्न मी वाचते, उत्तर ते सांगतात, खूण मी करते. वरचा भाग मी सावकाश वाचते. खालचा भाग वाचताना मला घाई होते. आणि "फार समाधानी" असं कुणी म्हणालं की माझा हात एक घर उजवीकडे सरकतो आणि "समाधानी"वर खूण होते. भाजीवाल्या आजी म्हणाल्या, "हसऱ्या बाईंना सगळ्यात वरचं द्या." मी "ठीक"वर केली. त्या समोर बसून हसत होत्या, त्यांना कागद पांढरा दिसत होता.

झालं, सांगितलं. पाहणीवाल्या मुलीलाही आज कळवलंय की आमच्या केंद्राचा खालचा भाग धरू नका, भरताना चुका झाल्यात. चुका असंच लिहिलं. तुझ्या नोकरीत माझ्यामुळे खोट येणार नाही. वरचा भाग खरा आहे. माझ्याबद्दल लोक जे बोलले ते मी वाढवून लिहिलेलं नाही. तेवढी लाज आहे मला.

पोटात दुखतं माझ्या, हे एकदा लिहूनच टाकते. तू हसतेस तेव्हाही दुखतं. तू मनापासून हसतेस, त्याने तर जास्तच.

बाबांचा फॉर्मसुद्धा भरला. त्यांचं ऑपरेशन कुठे झालंय, असं तू म्हणशील, पण साठ भरायला दोन कमी पडत होते आणि ते त्या दिवशी तपासणीला आलेच होते. वरचा अर्धा भाग तेवढा भरला. म्हणाले, "लिही, फार समाधानी. चारी ठिकाणी फार समाधानी." मी म्हटलं, का ते तरी सांगा. तर म्हणाले, "आमची ताई कधी वाईट काही सांगतच नाही."

बाकी ठीक. परवा दुकानाच्या अर्ध्या उघड्या शटरला डावा खांदा आपटून आले. आयुष्यभर आरसे बघत एवढी मोठी बस हाकलेला माणूस! वय झालं, दुसरं काय. जेवताना पाण्याचा पेलाही दोनदा लवंडला.

ताई

गुरुवार, २२ फेब्रुवारी, सकाळी

राणी,

बाबा या गाडीने तुझ्याकडे येत आहेत. हे पत्र त्यांच्या हातात दिलेलं नाही, पिशवीत आहे. त्यांना बसवून घे आणि आधी हे वाच.

काल दुपारी जेवायला बसलो. त्यांची गोळी मी ताटाच्या डाव्या बाजूला ठेवली होती. जेवण झालं तरी ते बसलेलेच. म्हणाले, "आज गोळी द्यायची विसरलीस." गोळी तिथेच होती. मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढली. म्हटलं, बाबा, उजवा डोळा हाताने झाका, माझ्या नाकाकडे बघा, आणि डावीकडून माझं बोट येईल ते दिसलं की सांगा. मी बोट बाहेरून आत आणत गेले. त्यांच्या कानापासून गालापर्यंत आणलं. तिथून नाकाजवळ आणलं. ते शांत बसून होते. मग हसून म्हणाले, "अगं, दाखव ना आता."

राणी, कार्डावरचे आकडे खोटे आहेत.

डाव्या डोळ्याचे खरे आकडे असे: चोवीस, सव्वीस, एकोणतीस, एकतीस, चौतीस, चौतीस. सहा खेपा. दीड वर्ष. मी सगळीकडे वीस लिहिलं, एकदा एकवीस. उजव्याचं बावीस-तेवीसच्या आसपास होतं, तिथे अठरा लिहिलं. लागोपाठ दोनदा एकवीसच्या वर गेलं की हॉस्पिटलला पाठवायचं, हा नियम माझ्याच भिंतीवर माझ्याच अक्षरात लावलेला आहे.

पहिल्या वेळी मला वाटलं, मशीन बिघडलं असेल. खोटं का सांगू, मशीन बिघडलेलं असावं असं वाटलं. दुसऱ्या वेळी, सव्वीस आलं तेव्हा, मी तुमच्या हॉस्पिटलची चिठ्ठी लिहिली होती. त्या रविवारी घरी नेऊन त्यांना देणार होते. मी स्वयंपाकघरात होते. ते फोनवर तुला म्हणत होते, "मग येतो मी तुझ्याकडे आठ दिवस. डोळेही तूच बघ. इथे काय, नुसती फुंकर मारतात." आणि केवढ्याने हसले. तूही हसली असशील. तुला तो फोन आठवणारही नाही.

मी चिठ्ठी फाडली. चार तुकडे केले आणि केराच्या डब्यात टाकले. त्यानंतर दर खेपेला एकच विचार यायचा: आता पाठवलं तर राणी विचारेल, एवढे दिवस काय केलंस? आणि बाबा म्हणतील, धाकटीने ओळखलं. मग मी वीस लिहायचे. वीस लिहिलं की ते खूश होऊन घरी जायचे, आणि घरी जाताना माझ्यासाठी शेंगदाणे घेऊन जायचे.

मी आंधळी नाही, बिनशिकलेली नाही. मी हे रोज दुसऱ्यांच्या बापांना समजावते. गेलेलं परत येत नाही, म्हणून वेळेवर या. हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा म्हणते.

आकडे वेगळ्या कागदावर लिहून सोबत जोडलेत, खाली सही केली आहे. तो कागद केसपेपरला लाव. उजवा वाचव. मला काय म्हणायचं ते नंतर म्हण.

ताई

बुधवार, ६ मार्च

राणी,

बाबांना काल गाडीने आणून सोडलं. थेंबांच्या बाटल्या, वेळापत्रक, सगळं मिळालं. तू प्रत्येक बाटलीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधून दिलास, म्हणजे त्यांना कुणाला विचारावं लागू नये. तुला सुचायचंच.

डावा गेला तो गेला, उजवा थेंबांनी धरून ठेवता येईल असं मोठे डॉक्टर म्हणाले, हे तुझ्या पत्रातून कळलं. थोडं आधीपासूनच गेलेलं असणार असंही म्हणाले, तेही तू मुद्दाम लिहिलंस. मी त्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ बसले. थोडं. किती थोडं, ते आता कुणीच सांगू शकणार नाही.

पण पुढचं जे तू केलंस, ते कुणी सांगितलं होतं? माझा सहीचा कागद तू केसपेपरला लावलाच नाहीस. "माझ्या कपाटात आहे, ताई. तुझी नोकरी जाईल." डॉक्टरांनी विचारलं, एवढा उशीर का? तर तू म्हणालीस, बाबा खेपा चुकवायचे. आणि डॉक्टर बाबांना सगळ्यांसमोर बोलले. "आजोबा, मुलगी केंद्रात असून असं करता?" बाबा खाली बघत बसले, हेही तूच लिहिलंस. त्यांना वाटलं असेल, चुकवल्याही असतील एखाद-दोन. आता काय आठवतंय!

दीड वर्षात त्यांनी एक खेप चुकवलेली नाही. ताप होता तेव्हासुद्धा मफलर गुंडाळून आले होते.

तुला मोठं मन दाखवायला आणखी कुठलं दुकान नाही का गं? माझं पापसुद्धा तू उचलून आपल्या कपाटात ठेवलंस. आता आयुष्यभर मी तुझी ऋणी. दर रविवारी फोन वाजला की मला आठवणार, राणीने वाचवलं. मला नको आहे ते. तुझ्या उपकारापेक्षा चौकशी परवडली. हे लिहिताना माझा जळफळाट होतोय, आणि हे वाचून तू रडशील, तेही मला ठाऊक आहे. रड.

मी आज मोठ्या डॉक्टरांना स्वतः पत्र लिहिलं. सगळे आकडे दिले. तुझं नाव घेतलेलं नाही. तुला विचारलं तर सांग, कागद पत्रांच्या ढिगात राहून गेला. तेवढं खोटं तुला जमेल.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. उद्या सांगते.

ताई

गुरुवार, २१ मार्च

राणी,

हे पत्र पोस्टाने पाठवतेय. गाडी गेली.

चौकशी झाली. दोघे जण आले होते, चांगले बोलले. सहा महिने मला तपासणीला बसायचं नाही, नुसती नावं नोंदवायची. मशीनवर दुसरी बाई आली आहे, तिचा हात जरा जड आहे पण आकडा जो येतो तो लिहिते. सगळ्या जुन्या कार्डांवरच्या लोकांना बोलावून परत तपासलं. बाबा सोडून एकाचाही आकडा खोटा निघाला नाही. मला ते माहीत होतं, पण तो दिवस जाईपर्यंत मी दोन घास खाल्ले नाहीत.

आणि ऐक, पाहणीचा निकाल आला. वरच्या भागात अकरा केंद्रांत आमचं केंद्र पहिलं. लोक सगळ्यात जास्त समाधानी माझ्यावर. पाहणीवाल्या मुलीने अभिनंदनाचं पत्र पाठवलंय. मी ते कुणाला दाखवलं नाही. तुला सांगितलं.

बाबांना मी सांगितलं त्याला आज पंधरा दिवस झाले. सकाळी, चहा झाल्यावर. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाले, "आकडे सांग." मी सांगितले. म्हणाले, "परत सांग, सावकाश." मी सावकाश सांगितले. शेवटच्या दोन चौतीसपाशी त्यांनी मान हलवली, जसं कुणी ओळखीचं स्टेशन आल्यावर हलवतं. मग म्हणाले, "डेपोत ब्रेक लागत नाहीत हे मेकॅनिकला माहीत असलं आणि त्याने गाडी रस्त्यावर सोडली, तर आम्ही त्याला काय म्हणायचो, ठाऊक आहे?" मी म्हटलं, काय? त्यांनी कप उचलला आणि स्वतः विसळून ठेवला.

त्या फोनचंही सांगितलं. फुंकरीचं. "मी असं म्हणालो?" म्हणाले. "गंमत केली असेल गं." आणि मग, "एवढ्यावरून?"

हो राणी, एवढ्यावरून. मला यापेक्षा मोठं कारण सापडलं असतं तर मी ते सांगितलं असतं.

नंतरचे पंधरा दिवस आम्ही जेवलो, बोललो, मी थेंब घातले, त्यांनी घालून घेतले. रागावले नाहीत. रागावले असते तर मी पाय धरले असते. काल संध्याकाळी म्हणाले, "मी राणीकडे राहायला जातो. तपासायला सोपं पडेल." मी बॅग भरून दिली. खाकी स्वेटर वरच आहे. तुझ्याकडे खोल्या थंड असतात, तो सकाळी घालायला लाव, ते स्वतःहून मागणार नाहीत.

आज सकाळी ते पेशंटबरोबरच गाडीत चढले. मी हात दिला तो त्यांनी घेतला, चढल्यावर सोडला. डाव्या खिडकीशी बसले. ड्रायव्हरसाहेबांशी गिअरवरून काहीतरी बोलले, हसलेसुद्धा. मी केंद्राच्या पायरीवर उभी होते, त्यांच्या डाव्या हाताला, खिडकीपासून चार पावलांवर. गाडी सुरू झाली तेव्हा मी हात वर केला. ते सरळ समोर बघत होते. गाडी वळेपर्यंत मी हात वर ठेवला. त्यांनी मान वळवली नाही.

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, की मी त्यांना दिसले नाही, हे मला कळलेलं नाही. तपासणं माझंच काम होतं, पण आता हे मी कशाने तपासू? तू विचार त्यांना. तुला सांगतील.

ताई